महादेवाच्या फोटोमागची भिंत

“बाईनं माझी भिंत नासवली! उद्याच्या उद्या खोल्या खाली करायला सांगा!” घरमालक अप्पा फोनवर नुसते पेटले होते.

मी लातुरात भाड्यानं घरं लावून देतो. लोक एजंट म्हणतात, चिडले की दलाल. अप्पांचं घर क्लासेसच्या भागात आहे. वर ते स्वतः राहतात. खालच्या दोन खोल्या मी कंधारच्या सुमनताईंना दिल्या होत्या. नवरा गावी दुकान बघतो, माय-लेकी इथं, पोरीच्या मेडिकल एन्ट्रन्ससाठी. परीक्षा महिन्यावर आलेली. अशात घर बदलायचं म्हणजे पोरीच्या वर्षाचं वाटोळंच. शिवाय त्या दिवसांत क्लासेसच्या भागात कोंबड्यांचं खुराडंसुद्धा रिकामं मिळत नाही.

तरी मी निर्धास्त होतो. माझ्याकडे कंडिशन व्हिडिओ होता. म्हणजे किल्ली देण्याआधी मालक आणि भाडेकरू दोघांसमोर अख्ख्या घराचं शूटिंग करून ठेवायचं. भिंती, नळ, पंखे, फरशी. पुढं भांडण झालं तर कुणाला पलटी मारता येत नाही, असं मी सगळ्यांना छाती ठोकून सांगतो.

त्या शूटिंगला कॉमेंट्री अप्पांचीच होती. “भिंत बघा, कशी लोण्यावानी हाय. हात फिरवा की!” बेडरूममध्ये महादेवाचा भलामोठा फोटो होता. ताजा हार, उदबत्ती. मी सवयीनं फोटो बाजूला करायला गेलो, तर अप्पांनी मनगटच धरलं.

“त्याला हात न्हाई लावायचा. लई कडक देव हाय. ताई, तुम्ही बी हलवू नका, दिवा तेवढा लावत जा.”

सुमनताईंनी तिथल्या तिथं हात जोडले. मीही जोडले, मोबाईलसकट. तेवढ्यापुरता व्हिडिओत छताचा पंखा आलाय.

अप्पांच्या फोननंतर जाऊन बघतो तर फोटोच्या चारी बाजूंनी ओल पसरलेली. पोपडे पोरीच्या पुस्तकांवर पडत होते. मी ऐटीत व्हिडिओ लावला. तो बघून अप्पाच खूश झाले.

“बघा! देताना भिंत कशी होती? ही बाई घरात ओले कपडे वाळत घालते, दुसरं काय?”

झालं! माझाच व्हिडिओ माझ्याच बोकांडी बसला.

“घरात दोरी तरी हाय का, अप्पा?” सुमनताई म्हणाल्या. “तुमच्या डोळ्यांसमोर गच्चीवर वाळत घालते मी.”

“ते मला माहीत न्हाई. व्हिडिओ खोटं बोलतो का?”

पोरगी हळूच म्हणाली, “आई, जाऊ दे. आपण गावाकडं जाऊ. मी तिथंच अभ्यास करते.”

ते ऐकलं आणि सुमनताईंनी पदर खोचला. “महादेवा, माफ कर रे बाबा,” म्हणत त्यांनी फोटोला हात घातला.

“अहो, अहो! पाप लागंल!” अप्पा धावले.

“लागू द्या. फेडीन मी.”

फोटो खाली आला. मागं भिंत काळीकुट्ट. तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद, चिकटपट्टीनं लावलेला. पट्टी जुनी, पिवळी पडलेली. बरोबर वर अप्पांचं बाथरूम. तेवढ्यात तिथं कुणीतरी बादली ओतली, आणि कागदाखालून पाण्याचा ओघळ निघाला.

“अप्पा,” मी म्हणालो, “देवाला आतून अभिषेक चालू ठेवलाय व्हय?”

अप्पा पोरीच्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, “आधीच्या भाडेकरूंनी कधी फोटो हलवला न्हाई. लई चांगली माणसं होती.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि त्यानं अप्पांचं बाथरूम फोडायला घेतलं. हातोडा कधी चालवायचा ते सुमनताईंनी ठरवलं: पोरगी क्लासला गेल्यावरच. त्यामुळं काम रेंगाळलं. परीक्षा होईपर्यंत अप्पा सहकुटुंब, खांद्यावर टॉवेल टाकून, शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होते.

व्हिडिओ मी अजूनही काढतो. फक्त घर दाखवताना मालक जिथं फार भक्तिभावानं उभा राहतो, तिथली भिंत आधी बोटानं दाबून बघतो.