शेवटचा फर्मा

"काका, हे पुस्तक आता दुसऱ्या कोणाले देऊ नका," पल्लवी म्हणाली आणि कादंबरी माझ्या टेबलावर पालथी ठेवली.

शुक्रवार होता, दुपारचे चार वाजले होते. मी रजिस्टर उघडून परतीची तारीख लिहिली. "फाटलं का?"

"फाटलं नाही. खोटं हाय."

मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका छोट्या मराठी वाचनालयात मी एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे. पुस्तक फाटलं, भिजलं, हरवलं, उंदराने खाल्लं, या सगळ्यासाठी रजिस्टरमध्ये शेरा ठरलेला आहे. खोटं निघालं, यासाठी नाही.

पल्लवी सातवीपासूनची वाचक. आता चोवीस वर्षांची आहे, एका शाळेत गणित शिकवते. ती कादंबरी तिने आधी तीन वेळा नेली होती. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिलेली गोष्ट. शेजारी राहणारे दोघं, लहानपणापासूनचे मित्र, हळूहळू एकमेकांच्या प्रेमात पडतात. चौथ्यांदा तिने नेली ती निखिलसाठी. निखिल तिच्या गल्लीतला. बारावीपर्यंत दोघं एकाच ऑटोने शाळेत गेले. आता तो पांढुर्ण्याला एका जिनिंगमध्ये काट्यावर असतो, म्हणजे कापसाच्या गाड्या तोलतो. रविवारी घरी येतो.

"मले तोंडानं सांगता येत नव्हतं," पल्लवी म्हणाली. "म्हणून पुस्तक देल्लं. म्हटलं, शेवटपर्यंत वाच."

"मग?"

"वाचलं. वापस देल्लं अन् म्हणाला, 'बरं झालं, दोघं मित्रच राहिले.' आता पुस्तकात तर तसं नाही न काका. मतलब तो पुस्तकाचं नाव घेऊन मलेच सांगून राहिला."

मी रजिस्टर मिटलं.

"परवा नागपूरचे पाहुणे येऊन राहिले मले पाहाले. अकरा वाजता. बाबाले हो म्हणून टाकतो म्हटलं आता." ती उठली. "तुम्ही काहून इतके घामाघूम झाले? पंखा लावा न."

ती गेली. मी पंखा लावला. घामाचं कारण माझ्या उजव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये होतं.

ते सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पुस्तकाच्या शेवटी तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक कधी परत करायचं ते आम्ही तिच्यावर लिहितो. पुस्तक किती फिरतं ते तिच्यावरून कळतं. आमच्याकडची बरीच थोर पुस्तकं एका चिठ्ठीवर दहा वर्षं काढतात. या कादंबरीची चिठ्ठी चार महिन्यांत भरली. मी दुसरी चिकटवली. तीही नानाजींच्या नजरेला पडली. नानाजी म्हणजे आमच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर.

"काय आहे हो यात?" त्यांनी विचारलं.

"मैत्रीची गोष्ट आहे, नानाजी."

त्यांनी शेवटचं प्रकरण उघडलं, उभ्याउभ्या वाचलं. "ही मैत्री आहे?"

"शेवटी थोडी पुढे जाते."

"मग काही तरी करा. लोकांच्या पोरी येतात इथे."

पुस्तक यादीतून काढायचं तर समितीची बैठक लागते, ठराव लागतो, कारण लिहावं लागतं. "काही तरी करा" यात ठराव नव्हता. मला तेव्हाच विचारायला हवं होतं, काय करू? मी विचारलं नाही. मी घाबरट माणूस आहे. हे मी समितीपुढे लेखी मान्य केलेलं आहे, म्हणून इथे लपवत नाही.

पुस्तक तेव्हा खिळखिळं झालं होतं, बायंडिंगला आलं होतं. आमच्याकडे बायंडिंग मीच करतो, मागच्या खोलीत. पुस्तक सुट्या पानांचं नसतं. मोठा कागद छापून त्याच्या घड्या घालतात, सोळा पानांचा एक जुडगा होतो. त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक होतं. मी जुनी शिवण उसवली. शेवटून दुसरा फर्मा एका प्रकरणासोबत संपत होता. तो आणि ती कन्हान नदीच्या पुलावर उभे आहेत. "आपण मित्र आहोत ना?" तो विचारतो. ती "हो" म्हणते. पान संपतं. शेवटच्या फर्म्यात ते दोघं पुलावरून परत येतात आणि मग जे बोलायचं ते बोलतात.

मी बारा फर्म्यांपैकी अकरा शिवले. पुठ्ठा लावला. बारावा ड्रॉवरमध्ये ठेवला. फेकला नाही, याचं श्रेय मी घ्यायचो. आता घेत नाही.

तेव्हा मी स्वतःला एक कारणही दिलं होतं. पुस्तक मिटून कडेने पाहिलं की कोणती पानं जास्त हाताळली ते मळावरून कळतं. प्रेमकथांमध्ये साधारण शेवट मळलेला असतो. या पुस्तकात मधला भाग काळा पडला होता. तिथे काहीही घडत नाही. तो तिच्या गच्चीवर वाळवलेल्या मिरच्या उचलायला मदत करतो. ती त्याच्या वहीत त्याचं अक्षर दुरुस्त करते. दोघांनाही कळलेलं असतं आणि दोघंही दुसरंच बोलत असतात. शेवटचा फर्मा त्यामानाने स्वच्छ होता. मी म्हटलं, वाचकांना शेवटाची गरज दिसत नाही.

मी हे एकदा पल्लवीला आडून विचारलंही होतं, बायंडिंगच्या आधी. या पुस्तकात एवढं काय आहे?

"काका, बाकीच्या पुस्तकात पोरगा कुठून तरी येते अन् मागे लागते," ती म्हणाली होती. "आपल्या इथं कोणी मागे लागलं तर भावाले सांगा लागते. याच्यात कोणी येत नाही. तो आधीपासूनच असते. त्याले आपलं सगळं माहीत असते, नापास झालेलं पण. फक्त एक गोष्ट सांगाची राहते, अन् सांगितली तर होतं ते पण जाईन, अशी भीती असते. मी ते मधलं मधलं आरामात वाचतो. काहून का शेवटी सांगतात, हे मले माहीत हाय न."

ते शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. बायंडिंग करताना ते आठवलं नाही, असं म्हणालो तर खोटं होईल.

शनिवारी सकाळी मी फर्मा पिशवीत घातला आणि पांढुर्ण्याची बस धरली. शनिवार असल्याने जामसांवलीपर्यंत उभंच राहावं लागलं. तिथल्या मारुतीच्या मंदिराची गर्दी उतरली तेव्हा जागा मिळाली. बसून मी विचार केला की आधी पल्लवीला सांगायला हवं होतं. तिच्यापेक्षा अनोळखी मुलासमोर चूक कबूल करणं सोपं वाटलं, हे खरं कारण. शिवाय वाचकाने कोणतं पुस्तक का नेलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही, असा मी पाळत आलेला नियम आहे. मी फक्त पानं द्यायचं ठरवलं.

जिनिंगच्या फाटकात कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग होती. निखिल काट्याच्या केबिनमध्ये बसला होता.

"मी सौंसरच्या वाचनालयातून आलो," मी म्हणालो. "तुम्ही वाचलेल्या पुस्तकात सोळा पानं कमी होती. चूक माझी आहे. ती घेऊन आलो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे. "याच्यासाठी सौंसरवरून आले तुम्ही?"

"वाचकाला पूर्ण पुस्तक मिळालं पाहिजे."

त्याने पहिलं पान सहज वाचायला घेतलं. दुसरं तसं वाचलं नाही. बाहेर काट्यावर एक ट्रॅक्टर उभा होता, त्याच्यामागे सहा. हॉर्न सुरू झाले.

"अबे निखिल," पहिल्या ट्रॅक्टरवाला ओरडला, "माहा कापूस तोलून राहिला का पेपरचा अभ्यास करून राहिला?"

"थांब न बे, चार पानं राहिले."

"चार पानात सुकून जाईन न तो कापूस! वजन कमी भरलं तर तू भरशीन का?"

निखिलने सगळी पानं वाचली. मग मला विचारलं, "हे पल्लवीनं वाचलं होतं?"

"तीन वेळा," मी म्हणालो. नियम तिथेच मोडला.

तो बराच वेळ काट्याच्या आकड्याकडे बघत राहिला. काट्यावर तोच ट्रॅक्टर होता, आकडा बदलत नव्हता. "मले वाटलं, ती मले समजावून राहिली," तो म्हणाला. "का बाबा, आपण मित्रच ठीक. तिले बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, बरं झालं." मग तो म्हणाला, "पाहुणे उद्याच हायत न? आई फोनवर म्हणत होती."

"अकरा वाजता."

"मी दर रविवारी दहाच्या बसनं येतो. पहिली किती वाजता असते?"

मला ते माहीत होतं. सांगितलं.

सोमवारी पल्लवी आली. निखिल रविवारी साडेआठला तिच्या घरी पोचला होता. तिची आई पाहुण्यांसाठी पोहे भिजवत होती. त्याने सोळा पानं पल्लवीसमोर ठेवली आणि म्हणाला, "हे राहून गेलं होतं." नंतर पाहुणे आले, पोहे खाल्ले, गेले. पल्लवीने घरी या स्थळाला नकार दिला. वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आता बोलतात. दोन्ही घरांत चर्चा चालू आहे. सुरुवातीला ती रस्त्यावर ऐकू यायची, आता येत नाही.

त्या सोमवारीच मी पल्लवीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"तुम्ही काका?" ती म्हणाली. "उंदरानं केलं असतं तर मी समजून घेतलं असतं."

मग तिने पानं टेबलावर ठेवली. "माह्यासमोर शिवा."

मी तिच्यासमोर शिवलं. ती स्टूल ओढून बसली होती. शेवटची गाठ मारेपर्यंत उठली नाही.

समितीला मी लेखी कळवलं. नानाजींनी मला लेखी ताकीद दिली, ती फाइलमध्ये आहे. त्यांनी कादंबरी घरी नेली आणि एका दिवसात वाचली असावी, तरी पंधरा दिवस ठेवली. परत करताना म्हणाले, "शेवट ठीक आहे. मधलं जास्त चांगलं आहे."

"मग ठेवू का?"

"ठराव कुठे झाला आहे?" ते म्हणाले आणि गेले.

तिसरी चिठ्ठी आता अर्धी भरली आहे. मधली पानं आणखी काळी पडली आहेत.

बायंडिंगला पुस्तक घेताना फर्मे मोजावेत आणि शिवून झाल्यावर पुन्हा मोजावेत, हे मी या कामाच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो. आता मोजणी दुसऱ्याकडून करून घेतो. सध्या पल्लवी करते.