ठिबकाखालचा पंजा

केळीच्या बागेत, पहिल्या ओळीच्या तोंडाशीच, बिबट्याचा पंजा उमटला होता. खेमा त्यावर वाकला. मागे बांधावर घड वाहणाऱ्या सात बाया उभ्या होत्या, आणि बागेचे मालक जीवरामभाऊ.

"ट्रक उभा हाये. काय ते एकदाचं सांग."

सातपुड्याच्या पायथ्याला खेमाचा शब्द शेवटचा मानत. तीस वर्षं तो नाल्यांच्या कोरड्या धुळीत माग वाचत आला होता. कडा ढासळल्या की माग शिळा, हे त्याला झोपेतही कळे. ह्या पंज्याच्या कडा पार बसल्या होत्या.

"परवाचा माग शे, भाऊ. गया तो."

बाया आत शिरल्या. पुढे त्याची बायको, सोनीबाई.

"बिबट्या गया. आते तू बी काही कामले लाग," ती जाता जाता म्हणाली. बाया हसल्या. चार पावलांत पानांनी त्यांना गिळलं. हसू तेवढं थोडा वेळ ऐकू येत राहिलं.

खेमा बिडी पेटवायला टेकला. तेवढ्यात ठिबकच्या नळीतून एक थेंब पंज्यात पडला. मग दुसरा.

"भाऊ, पाणी कधी सोडलं?"

"सहाला. रोजच सहाला."

साडेसात वाजले होते. शेजारच्या प्रत्येक थेंबाखाली मुठीएवढा खळगा पडला होता. परवाचा पंजा इथे उरलाच नसता. ह्याच्या कडा दिवसांनी नव्हे, पाण्याने बसल्या होत्या, त्याही नुकत्याच. पंज्याची बोटं बागेच्या आतल्या बाजूला वळलेली होती. बाहेर येणारा माग कुठेच नव्हता.

ओरडावं, तर बिचकलेलं जनावर कुठल्या ओळीतून सुटेल याचा नेम नव्हता. तो आत निघाला. दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. आवाजाच्या रोखाने गेल्यावर सोनीबाई दिसली; तिच्या डोक्यावर घड होता.

"घड ठेव," तो नेहमीच्या आवाजात म्हणाला. "सगळ्या बाहेर चला. पळू नका."

"आते तर गया म्हणत होतास."

तो तिच्याकडे पाहत नव्हता. तिच्या खांद्यावरून पलीकडे, एका हलणाऱ्या पानाकडे पाहत होता. वारा नव्हता. तिने घड हळूच खाली टेकवला.

बाया बोलत बोलत बाहेर आल्या, कारण त्याने बोलत राहायला सांगितलं होतं. तो सर्वांत मागे, उलट्या पावलांनी. बांधावर त्याने डोकी मोजली. सात.

"आता ट्रकवाल्याला काय सांगू?" जीवरामभाऊ म्हणाले. "आत हाये का नाही?"

"मले माहीत नाही, भाऊ. मी चुकलो."

सोनीबाईने डोक्यावरची चुंबळ काढली आणि ती बागेकडे तोंड करून बसली.