कंपालाच्या सात टेकड्या

धानाच्या रोवणीच्या चिखलाचा वास आला की मला कंपालाची भीती वाटते. बहात्तर साली मी आसगावात नवी सून होते. थोरले दीर युगांडातल्या कंपालात एका गुजराती पेढीवर कारकून, आणि रेडिओवर बातमी आली, युगांडातून भारतीयांना हाकलताहेत, रस्तोरस्ती सैनिक आहेत. धानाच्या बांधीत रोपं रोवता रोवता सासूबाईंचे हात थांबले. "तू मॅट्रिक हायेस न वो, कसं हाये ते गाव?" मी शाळेतला धडा म्हणून दाखवला: बुगांडाच्या राजांची गादी, इंग्रजांचा किल्ला, आपले मजूर नेऊन बांधलेली रेल्वे, सात टेकड्यांवर वसलेली राजधानी. "टेकड्या हायेत म्हंजे जंगल असंन. लपून राहीन माहा पोरगा." मग त्याच दचकल्या. "पण जंगलात वाघ?" "आफ्रिकेत वाघ नसतात," मी ऐटीत म्हणाले. "मंग काय रायते?" "सिंह." त्यांच्या हातून पऱ्ह्यांची, रोपांची जुडीच गळाली, आणि त्यांचा चेहरा पाहून मलाही टेकडीटेकडीवर सिंह दिसू लागला. पुढे कित्येक आठवडे घरात कोणी धड जेवलं नाही. धान कापणीच्या सुमाराला दीर अंगावरच्या कपड्यांनिशी परतले. सासूबाईंनी पाणी देण्याआधी त्यांचा सदरा वर करून पाठ तपासली, कुठे सिंहाचा पंजा तर लागला नाही ना. पुतण्यांना हे सांगताना मी सासूबाईंना पोटभर हसते. पदराआडून मीही ती पाठ नीट पाहून घेतली, तेवढं गाळते.