मागच्या शटरपाशी उभा होता तो

तुमच्या कॉलेजचं गॅदरिंग ज्या हॉलमध्ये होतं, त्याच्या मागच्या दरवाजाला बाहेरून कुलूप असतं का? कधी स्वतः जाऊन बघितलंय?

प्रश्न विचित्र वाटेल. या सदरात लोक भुताखेतांचे अनुभव लिहितात आणि मी कुलपाबद्दल विचारतेय. पण माझ्या अनुभवात दोन्ही आहेत, आणि मला जास्त राग कुलपाचा येतो.

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानत नाही. कामतघरच्या आमच्या चाळीतल्या खोलीत देव्हारा नाही. बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्याखाली पत्रकांचे गठ्ठे. बाबा पॉवरलूमवर काम करतात आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं वाटतात – हक्काची पगारी रजा, बुवाबाजी, हुंडा. मी वाचायला शिकले तीच त्या पत्रकांवर. अंगात येणाऱ्या बाईला भर चाळीत प्रश्न विचारणारी मुलगी आहे मी.

तर... गेल्या वर्षी आमचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. फेअरवेलला आधी गाण्यांचा कार्यक्रम आणि मग 'बॉल' – म्हणजे मुलांनी भाड्याचे ब्लेझर घालायचे, मुलींनी गाऊन, आणि जोडीजोडीने नाचायचं. कॉलेजच्या हॉलचं काम चालू होतं, म्हणून जागा ठरली वळ नावाच्या गावाबाहेरचं एक रिकामं गोडाऊन. माझी मैत्रीण सानिका, तिच्या काकांचं ते. पुढे छोटा दरवाजा, त्यावर थर्माकोल आणि पडद्याच्या कापडाची कमान, लायटिंगच्या माळा. मागे मोठं शटर – त्याला बाहेरून कुलूप. गोडाऊनमध्ये हीच पद्धत, माल मागच्या बाजूने जाऊ नये म्हणून.

मी गाण्याच्या ग्रुपमध्ये होते. दुपारी रिहर्सलला कुलूप बघितलं आणि गॅदरिंगच्या सरांना म्हटलं, "सर, मागचं उघडं ठेवूया. एवढी मुलं आहेत."

"उघडं ठेवलं की बाहेरची पोरं आत येतात आणि आतली पोरंपोरी अंधारात जातात," सर म्हणाले. "तू उद्या मोर्चा काढ हं. आज फक्त गाणं म्हण."

सगळे हसले. मी गप्प बसले नाही, पण कुलूपही निघालं नाही.

गाणी छान झाली. मग खुर्च्या बाजूला सरकवल्या, दिवे मंद केले आणि डीजे सुरू झाला. आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सानिका निळ्या गाऊनमध्ये घामाघूम होऊन नाचत होती. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि तेव्हा तो दिसला.

मागच्या शटरपाशी. बनियन, चौकड्याची लुंगी, केसांत कापसाची रुई बसलेली – लूमवरून सुटलेला माणूस दिसतो तसा. ब्लेझरच्या गर्दीत हा कुठून आला, असं वाटलं. तो थेट माझ्याकडे बघत होता. मग त्याने हात हलवले.

इथे एक सांगायला हवं. कारखान्यात लूमच्या खडखडाटात बोलणं अशक्य, म्हणून कामगार हातांनी बोलतात. लहानपणी बाबांचा डबा घेऊन मी आईबरोबर जायचे, त्यामुळे काही खुणा मला येतात. त्याने आधी स्वतःचा कान धरला आणि दुसऱ्या हाताने काहीतरी झुलवल्यासारखं केलं. ही खूण मला समजली नाही. पुढची समजली. तळवा आडवा, खाली – 'बंद कर', म्हणजे चालू आहे ते थांबव. मग अंगठा मागे, शटरकडे – 'इकडून बाहेर'. पुन्हा 'बंद कर'. पुन्हा शटर. चेहऱ्यावर नुसती घाई.

मी गर्दीतून वाट काढत पोचले. तिथे कोणी नव्हतं. शटर बंद, भिंत सपाट, जायला जागाच नाही.

मी सानिकाला ओढलं आणि कानात ओरडले, "मागचं कुलूप काढायला सांग. आत्ता!"

"आगं पन झालंय काय?"

"माहीत नाही. काढायला सांग!"

ती गाऊन उचलून पुढच्या दारातून बाहेर पळाली. वॉचमन म्हणाला, "साहब ने मना किया है." त्यावर ती म्हणाली, "गोडाऊन साहबका हाय का मेरे काका का? चाबी निकाल!"

शटर वर गेलं. सर तावातावाने माझ्याकडे यायला निघाले... आणि ते पोचायच्या आत पुढची कमान पेटली. माळांच्या वायरीतून ठिणगी, मग कापड, मग थर्माकोल. दार दिसेनासंच झालं. काळा धूर छताला लागून आत आला. सगळी मुलं मागून बाहेर पडली, खोकत, रडत, कुणी अनवाणी. सगळी.

घरी आल्यावर बाबांना ती न समजलेली खूण करून दाखवली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"ही कुणी दाखवली तुला?"

"म्हणजे काय ते सांगा ना."

"म्हणजे तू," बाबा म्हणाले. "तुझ्या कानात मोठे डूल असायचे, हातात डबा. मकबूलभाईने पाडली होती ही खूण. तू आलीस की मला लांबूनच करायचा."

मकबूलचाचा मला आठवत नाहीत. मी फार लहान असताना ते बाबांच्याच कारखान्यातल्या आगीत गेले. रातपाळी होती. कापड चोरीला जाऊ नये म्हणून मालकाने शटरला बाहेरून कुलूप लावलं होतं.

मी स्वतःला समजावलं – दुपारपासून कुलूप डोक्यात होतं, जळक्या वायरचा वास नकळत आला असेल, आणि मेंदूने जुनी आठवण पुढे केली. पटण्यासारखं आहे. पण दुसऱ्या दिवशी सानिकाचा फोन आला. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"प्रज्ञा, त्यो लुंगीवाला निघाला ना गं भायेर? शटरपाशी तुला हात करत व्हता त्यो? काकाला विचारलं, त्यो म्हनतो आपला हमाल न्हाय."



मागच्या महिन्यात त्या गोडाऊनवर गेले होते. कॉलेजच्या हॉलचं काम अजून चालूच, त्यामुळे यंदाचं फेअरवेलही तिथेच आहे. मागच्या शटरशेजारी आता शेंदूर फासलेला दगड आहे, नारळ, उदबत्त्या. काका म्हणाले, "त्या लुंगीवाल्यानेच पोरं वाचवली, दर अमावास्येला नारळ देतो." आणि शटरला बाहेरून कुलूप. नवीन, मोठं.

मी सरांना भेटले, काकांना भेटले, पत्रक काढून कॉलेजच्या गेटवर वाटलं. कुलूप अजून आहे. फेअरवेलच्या दिवशी मी त्या शटरसमोर बसणार आहे.

तुम्ही एवढंच करा. तुमच्या कॉलेजात, तुमच्या हॉलमध्ये, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मागच्या बाजूला जा. कुलूप असेल तर ते निघेपर्यंत माईक चालू होऊ देऊ नका. लोक हसतील, हसू द्या. दर वेळी खूण करायला कोणी येईलच असं नाही.