वसंताचा भोंगा आणि माझी लिंबं

चहा आधी संपवून घ्या बरं, मग सांगते. मागं हेच सांगत होते, तर आमच्या नणंदेचा घोट नाकात गेला. आणि माझ्या फजितीची गोष्ट मीच सांगितलेली बरी. गल्लीतल्या कौतिकाबाईकडून ऐकाल, तर ती पदरची आणखी चार लिंबं घालेल!

कसली लिंबं म्हणता? तेच तर!

आमचं गाव चिखलीच्या जवळ. तेव्हा महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. गावात मोटार दिसायची ती मतं मागायला आलेल्याची, नाहीतर एखाद्या साहेबाची. आणि एक दिवस शेजारच्या गुलाबरावांचा वसंता चक्क मोटार घेऊन दारात! जुनी, काळी, पाठ गोल. कुण्या वकिलानं वापरून वापरून टाकलेली. पण गल्लीत उभी राहिली तेव्हा मला तर हत्तीच आल्यासारखं वाटलं. वसंताला ती भाड्यानं चालवायची होती.

गुलाबराव ओट्यावरून गरजले, "कपाशीतून अंग काढाले आणलं काय हे सोंग? जानेफळच्या वरातीचं भाडं घेतलं ना तुनं? थे नीट पार पाड. वाटेत गाडी रुसली, तं मी इकतो तिले भंगारात. मंग मुकाट्यानं पेरणीची तिफण धर."

पोराचं तोंड एवढंसं झालं. आता शेजारणीनं नुसतं बघत बसायचं का? मी काही कोणाच्या घरात नाक खुपसणारी बाई नाही. (हसू नका.) चौथी पास आहे, म्हणून गल्लीतल्या बायकांची पत्रं मी वाचून देते, आणि वाचली की कळतात, एवढंच. शिवाय आमची खिडकी त्यांच्या अंगणाकडं उघडते, त्याला मी काय करू?

म्हटलं, नवी वस्तू आहे, दृष्ट लागायला नको. शनिवारी लिंबू-मिरची ओवली आणि गाडीच्या पुढच्या जाळीला बांधली. तासाभरात कौतिकाबाईची शेळी आली आणि दोऱ्यासकट मिरच्या खाऊन गेली!

मग मी डोकं चालवलं. दोरा नको, चांगली लोखंडी तार घेतली. जाळीच्या फटीतून हात आत घातला. आत कर्ण्यासारखं काहीतरी होतं, आणि त्याला एक उघडी खुंटी. जणू लिंबू टांगायलाच केलेली! दिली आवळून. आता शेळी सोडा, माणसालाही दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी वसंतानं गाडी काढली. कौतिकाबाईच्या घरापुढं मोरीचा उंचवटा आहे. चाक त्यावर आदळलं आणि भोंगा आपोआप, "पोंऽऽऽ!"

कौतिकाबाईच्या हातातलं सूपच उडालं. "काऊन बोंबलून राह्यला बे? मी काय रस्त्यातली म्हैस हाय?"

"म्या नाही वाजवला, बाई! हे पाहा, दोन्ही हात वर हायेत माहे!"

बघा! लागलीच ना दृष्ट? लिंबू होतं म्हणून भोंग्यावर निभावलं. नसतं तर चाकच निखळलं असतं!

वसंता गाडी घेऊन चिखलीला मिस्त्रीकडं निघाला. बांधलेल्या लिंबाला परक्याचा हात लागू नये, हे काय मी तुम्हाला सांगायला पाहिजे? मी पहाटेच ते सोडून घेतलं. मिस्त्रीनं दिवसभर गाडी तपासली, खड्ड्याखड्ड्यातून आदळून पाहिली. भोंगा गप्प! "गाडीले काही नाही झालं," तो म्हणाला, "तुह्या कानाले झालं."

गाडी घरी आली. मी ताजं लिंबू बांधलं. मोरीवर पुन्हा, "पोंऽऽऽ!"

परत मिस्त्री. परत मी लिंबू सोडलं. त्यानं बटण बदललं, वायर बदलली, डोकं खाजवलं. भोंगा गप्प. घरी आणली, की पोंऽऽऽ!

आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसानं यातून काय समजावं? चिखलीत गाय झालेली गाडी आमच्याच गल्लीत बोंबलते, आणि तेही नेमकी कौतिकाबाईच्या दारात! दृष्ट कोणाची, ते लख्ख झालं की नाही?

मी सरळ तिच्याकडं गेले. गोडीनं म्हटलं, "बाई, रस्त्याकडं तोंड करून नका बसू वो. धुळीनं डोळे जातात."

बिचारी भाबडी. भिंतीकडं तोंड करून शेंगा फोडत बसली. तेवढ्यात गाडी आली. पोंऽऽऽ!

"आता तं मी पाहूनही नाही राह्यली," ती कळवळली, "तरी मलेच काऊन हाका मारते थे गाडी?"

मी हादरलेच. बाईच्या पाठीलाही डोळे! मग एका लिंबाची दोन केली, दोनाची पाच. तारही लांब घेतली. तर गाडी उभ्या उभ्या, नुसत्या वाऱ्यानंच वाजायला लागली! बॅटरी उतरली. गाडी ढकलून ढकलून गल्लीतल्या पोरांचे खांदे उतरले.

वरातीच्या आदल्या दिवशी वसंता आमच्या पायरीवर येऊन बसला. "काकू, वावराचा राग नाही वो मले. पण इंजिन सुरू झालं का कसं बरं वाटते जिवाले. उद्या फसलो, तं संपलं."

मला भरूनच आलं. "तू घोर नको करू बापा. मी हाय ना!"

मी होते, हाच तर घोळ होता.

सकाळी तार आणखी घट्ट आवळून सात लिंबं बांधली. माझी आतापर्यंतची सगळ्यांत मोठी माळ! चिखलीत लग्न लागलं, आणि सासरी जाताना नवरीला सोबत पाहिजे म्हणून मीही गाडीत बसले. पुढं वसंताशेजारी गुलाबराव, देखरेखीला. मागं नवरा-नवरी आणि मी. मांडीवर पिशवी, पिशवीत जादा लिंबं आणि तारेचं वेटोळं. वेळ काय सांगून येते?

चिखलीहून निघालो ते थेट जानेफळच्या शिवारापर्यंत ठीक. मग बैलगाड्यांच्या चाकोऱ्या लागल्या. गाडी आदळली आणि भोंगा जो सुटला, तो थांबेचना! पोंऽऽऽऽऽऽऽ! नवरदेवानं कानात बोटं घातली. समोरची बैलजोडी गाडीवानाला घेऊन वावरात घुसली.

"लाव बाजूले!" गुलाबराव ओरडले. "आजच इकतो इले!"

वसंतानं थांबून बॉनेट उघडलं. वाकून पाहिलं आणि हळूच माझी माळ वर उचलली. भोंगा गप्प. खाली सोडली, पोंऽऽ! उचलली, गप्प. सोडली, पोंऽऽ!

"बाबा, हे तार भोंग्याच्या खिळ्याले बांधेल हाय! तिचं टोक गाडीच्या लोखंडाले टेकलं का भोंगा वाजते. कोनं तरी बटन दाबून धरल्यासारखं! पण हे लिंबं बांधले कोनं?"

नवरीनं मुंडावळी बाजूला सारून माझ्या मांडीवरच्या पिशवीकडं पाहिलं. मग नवरदेवानं. मग गुलाबरावांनी.

"काकूऽऽ!" वसंता किंचाळला.

धरती दुभंगली असती तर मी पिशवीसकट आत गेले असते. पण दुभंगली नाही. उलट गावाकडून धूळ उडवत माणसंच धावत आली! पुढं, वरातीच्या आधीच गावी पोचलेले नवरदेवाचे वडील, धापा टाकत, चेहऱ्यावर हसू.

"वा रे गाडी! आमचे वाजंत्रीवाले आलेच नाही, मी तं खाली मान घालून बसलो होतो. अन् हा आवाज आला! सारं गाव येशीवर आलं ना बाप्पा! पोरीच्या लग्नालेही हेच गाडी पाहिजे मले. आतापासून सांगून ठेवतो."

गुलाबरावांनी मिशी चाचपली. खाकरले. मग हळूच म्हणाले, "वसंता... तिफण पाहू मंग. चाल, बस गाडीत."

तेव्हापासून त्या गाडीनं कितीतरी नवऱ्या आणल्या. कौतिकाबाईला मी परत रस्त्याकडं तोंड करून बसवलं. कारण विचारलं तर म्हटलं, "धूळ कमी झाली आता."

महिनाभरानं वसंतानं चिखलीहून गाडीवर नावं रंगवून आणली. मागं 'आईबाबांचा आशीर्वाद'. पुढं, जाळीच्या अगदी वर, लालभडक अक्षरांत: 'वेणूकाकूंनी आत हात घालू नये.'

गल्लीतल्या सगळ्या बाया गाडीभोवती जमल्या. कौतिकाबाईनं माझ्या पदराला हात लावला. "काय लिवलं वो थे, वेणूबाई? तुम्ही तं शिकेल हाय. वाचा ना मोठ्यानं!"

चौथी पास झाल्याचा जन्मात पहिल्यांदा पस्तावा झाला. मी घसा साफ केला आणि ठणकावून वाचलं, "शुभ प्रवास!"

"येवढं लांबलचक?" कौतिकाबाईनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "आन् मंग हा वसंता पोट धरधरून काऊन हासून राह्यला?"