धुऊन टाकलेली डिस्क

भिंगकाका हे नाव त्यांना गल्लीने दिलं होतं. गिऱ्हाईक बोलायला लागलं की डोळ्यावरचं घड्याळजीचं भिंग न काढता ते त्याच्याकडेही तसंच निरखून बघत. घड्याळं दुरुस्तीला येणं कमी झालं, तेव्हा त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणून टेबलाच्या कोपऱ्यात बसवला आणि जाहीर केलं, "आता बिघडलेल्या डिस्कमधून लोकांचे फोटो परत काढून द्यायचे."

"आणि ते शिकणार कधी?" काकूंनी विचारलं.

"शिकायचं काय त्यात? यंत्र ते यंत्र!"

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे त्यांची थोरली बहीण. ताई बावीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. तिच्या हातांवर जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा, आईला विचारून, एक फोटो ती काढून ठेवी आणि त्याला आईचं नाव नि तारीख देई. ते सगळे फोटो एका डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. आणि डिस्क उघडत नव्हती.

"जपून हं," ती एवढंच म्हणाली.

काकांनी डिस्क जोडली. पडद्यावर प्रश्न आला, वापरण्याआधी फॉरमॅट करायची का? आता, काकांच्या उस्तादांची शिकवण अशी की घड्याळ हातात आलं की आधी धुवायचं, मग बघायचं. फॉरमॅट म्हणजे धुणंच असणार. त्यांनी 'हो' दाबलं. चार सेकंदांत डिस्क उघडली, अगदी लख्ख. आत एकही फोटो नव्हता.

दोन दिवस ताईचा फोन आला की काका म्हणत, "अजून हातच लावला नाही गं."

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी त्यांना धरलं. "तुमचं काहीतरी चुकलंय. चहा तीनदा गार झाला."

काकांनी सांगून टाकलं. काकू चष्मा लावून पडद्यासमोर बसल्या आणि एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची माहिती पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. काका कधीच पहिल्या ओळीपासून वाचत नसत.

"अहो, ऐका. अशा झटपट फॉरमॅटने नुसती अनुक्रमणिका फाटते. पानं जागेवरच असतात, वर दुसरं काही लिहिलं नाही तर."

"मग चल, टाक ते सॉफ्टवेअर त्या डिस्कवर!"

"हात मागे घ्या! त्या डिस्कवर काहीही टाकायचं नाही, लाल अक्षरांत लिहिलंय. आधी दुसऱ्या डिस्कवर तिची हुबेहूब प्रत काढायची आणि शोधायचं ते त्या प्रतीत."

प्रत व्हायला दुपार झाली. मग शोध सुरू झाला. एक हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती, आणि नेमकी तेव्हाच ताई दुकानाची पायरी चढली.

"झालं का रे?"

काकांनी भिंग काढून ठेवलं. "ताई, मी ती धुतली. म्हणजे पुसली. माझ्या हातून."

ताई स्टुलावर बसली. पर्समधला रुमाल तिने काढला आणि घडी न मोडता परत ठेवला.

मग काकू ओरडल्या, "आलं! आलं!"

पडद्यावर मुठी आवळून रडणारं एक लालबुंद बाळ होतं. त्याच्यामागून दुसरं, मग दहावं. पण खाली नावांच्या जागी नुसते आकडे होते.

"नावं गेली," काका खालमानेने म्हणाले. "आणि सगळी सारखीच दिसतात गं."

"तुझी घड्याळं सारखी दिसतात, असं मी कधी म्हटलं का?" ताईने स्टूल पुढे ओढलं. "हे पायाळू आलं. आईने माझा हात असा दाबला, दोन दिवस पेन धरता येईना. शिक्षिका होती ती. आणि हे बघ, हे रडेचना. आम्हीच रडायच्या बेतात, तेवढ्यात शिंकलं! लिही, लिहीत का नाहीस?"

काका एका बोटाने लिहू लागले. दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत त्रेचाळीस नावं झाली. फोटो दोन हजारांवर होते.

"उद्या दहाला येते," पायरी उतरताना ताई म्हणाली. "वहिनी, तोवर याला डिस्कजवळ फिरकू देऊ नकोस."

काकूंनी मूळ डिस्क रुमालात गुंडाळली, आपल्या पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.