मोलेतेंची सून, सिनेटमध्ये

शिरगणतीचा साहेब घोड्यावरून गावात आला, तेव्हा खुत्लांग मास्तर शाळेच्या पायरीवर उभे राहून हातावरचा खडू झटकत होते. मास्तर तेव्हा नोकरीला नवे, गावालाही नवे. साहेबाने वाटेत भेटलेल्या पहिल्याच बाईला गावाचे नाव विचारले. ती पोरसवदा सून होती, डोक्यावर पाण्याची बादली होती.

"हे आमचं गाव," ती म्हणाली.

"ते दिसतंय. नाव काय त्याचं?"

"वर ते मोठं घर आहे ना, त्या घरच्या सरदारांचं आहे ते."

"आणि सरदारांचं नाव?"

"माझ्या नवऱ्याच्या वडिलांचं जे आहे ते."

साहेबाने पेन्सिल कानावर खोचली. ही बाई आपली थट्टा करते आहे असे त्याला वाटले असावे. तिने मात्र बादलीतले थेंबभर पाणीही सांडू न देता मान वळवली आणि मास्तरांना आदराने हाक मारली. "न्ताते मास्तर, तुमच्या शाळेच्या पाटीवर काय लिहिलंय ते ह्या पाहुण्यांना जरा वाचून दाखवा." आणि ती चालू लागली.

पाटीवर 'हा-मोलेते प्राथमिक शाळा' असे लिहिले होते. हा-मोलेते, म्हणजे मोलेतेंचे गाव. मोलेते तिचे सासरे, आणि सासऱ्यांचे नाव सुनेने तोंडातून काढायचे नाही. गावात हे कोणाला सांगावे लागत नसे. साहेब राजधानीतला, मासेरूचा, शिकलेला. तो हे विसरला होता एवढेच. मास्तरांनी त्याला पाटी वाचून दाखवली, आणि दिवसभर त्यांना मधूनमधून हसू येत राहिले.

तिचे नाव मानेओ. तिचे म्हणजे सासरच्यांनी दिलेले. लग्नाच्या दिवशीच, पुढे होणाऱ्या पहिल्या मुलाच्या नावावरून. नेओची आई, मानेओ. नेओ दोन वर्षांनी जन्मली. ती मुलगी निघाली आणि तिच्या पाठीवर काही झाले नाही. मोलेते वारले, मानेओचा नवरा त्सेलिसो सरदार झाला. तोही फार जगला नाही. मुलगा नसला की आमच्याकडे सरदारकी विधवेकडे जाते, ती असेपर्यंत. तिच्यानंतर दिराकडे. दिराचे नाव लेफा. लेफाला वाट बघायची सवय नव्हती, पण दुसरा इलाज नव्हता.

तर अशा रीतीने ही बाई, जिला आपल्या गावाचे आणि त्याच नावाच्या मुलखाचे नावसुद्धा घेता येत नव्हते, त्या मुलखाची मोठी सरदार झाली. आणि मोठ्या सरदारांची जागा मासेरूच्या सिनेटमध्ये, म्हणून सिनेटरही झाली.

शपथेच्या दिवशी मास्तर बरोबर होते. मानेओंनी त्यांना पेन्शनीतून ओढून आपले कागद बघायला ठेवले होते. शपथेत मुलखाचे नाव आले तिथे त्या थांबल्या. सभागृहाचे अध्यक्ष म्हातारे होते, त्यांच्या घरी चार सुना होत्या. त्यांनी चिटणिसाकडे पाहिले आणि चिटणिसाने ते नाव हळूच म्हटले. मानेओंनी मान लववली आणि पुढचे वाक्य घेतले.  नंतर चहाच्या वेळी मोरेना त्लाली आले, मोरेना म्हणजे सरदार, वरच्या डोंगराळ भागाचे, जाडजूड, गमत्या, ब्लँकेट खांद्यावरून नेहमी घसरलेले. म्हणाले, "काय सूनबाई, कुठून आलात म्हणालात? मला ऐकूच आलं नाही."

"तुमच्या घोड्यांना आमच्याकडचं गवत आवडतं, मोरेना. त्यांना विचारा, ते सांगतील."

त्या दिवसापासून सभागृहात त्यांचे नाव 'गवताच्या बाई' पडले.

कामाची त्यांची एक रीत होती. मासेरूहून आलेला प्रत्येक मसुदा त्या गावी घेऊन यायच्या. सरदारांच्या घरापुढच्या बैठकीच्या अंगणात, खोत्लामध्ये, मास्तरांनी तो इंग्रजीतून सेसोथोत सांगायचा. पुरुष स्टुलांवर, बायका पाय पसरून जमिनीवर. मसुदा कुरणांचा असो नाहीतर दारूच्या परवान्याचा, बायका काही बोलल्याशिवाय बैठक उठायची नाही. बायका सुरुवातीला खाली बघत बसायच्या. मग एकदा मानेओंनी सांगितले की आज बोलला नाहीत तर पुढच्या वेळी मी तुम्हाला मसुदा पाठच करायला लावेन, मास्तर आहेतच छडी घेऊन. मास्तरांनी उभ्या आयुष्यात छडी हातात धरली नव्हती. पण धाक लागू पडला. सभागृहात मानेओ बोलायला उठल्या की म्हणायच्या, "आमच्याकडचे लोक असं म्हणाले," आणि कोण म्हणाले तेही सांगायच्या. इतर सरदारांना आपल्या मुलखातले लोक काय म्हणतात हे ठाऊक नसायचे, असे नाही. पण विचारून आलेला माणूस वेगळा दिसतो. मास्तर वरच्या सज्जातून बघत आणि ताठ बसत.

पुलाने नावाची एक बाई त्यांच्या घराच्या खालच्या अंगाला राहायची. नवरा जोहान्सबर्गच्या खाणीत. तिची मुलगी खडकावरून पडली, मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया करायची तर कागदावर मुलीच्या बापाची सही हवी. आईची चालत नव्हती, कारण कायद्याच्या लेखी लग्न झालेली बाई नवऱ्याच्या हाताखालची, अज्ञान मुलासारखी. मानेओंनी सरदार म्हणून शिक्का मारून कागद पाठवला. कागद परत आला, शिक्का चांगला आहे, पण बापाची सही हवी. नवऱ्याला निरोप पोचून तो खाणीतून सुटून येईपर्यंत हाड जसे जमेल तसे जमले होते. मुलगी अजून पाय ओढत चालते.

मानेओ मास्तरांना म्हणाल्या होत्या, "माझा नवरा मेला म्हणून मी अख्ख्या मुलखाच्या सह्या करते. हिचा जिवंत आहे म्हणून हिला पोरीच्या पायाची करता येत नाही. हा कुठला हिशेब, मास्तर?"

हा हिशेब बदलणारा मसुदा सिनेटमध्ये यायला पुढे बरीच वर्षे गेली. आला तेव्हा मानेओ सभागृहातल्या जुन्या सभासदांत मोजल्या जात होत्या. विवाहित बाईला स्वतःची सही, स्वतःचे कर्ज, स्वतःचा दावा, असा तो मसुदा होता. अर्धे सरदार गप्प होते, आणि गप्प सरदार म्हणजे विरोधातला सरदार. चर्चा दोन दिवस चालली. मानेओ पुलानेच्या मुलीबद्दल बोलल्या. फार वेळ नाही, आणि आवाज न चढवता.  वारे फिरल्यासारखे वाटले.

तेव्हा मोरेना त्लाली उठले. नियमात एक तरतूद होती, क्वचित वापरली जाणारी: कोणीही मागितले तर आवाजी मतदानाऐवजी प्रत्येकाने उभे राहून आपल्या मुलखाचे नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचे आणि मग होय किंवा नाही म्हणायचे. नाव न सांगता दिलेले मत मोजायचे नाही. त्लालींनी ती मागितली. शपथेच्या वेळचे अध्यक्ष आता नव्हते. नव्या अध्यक्षांनी नियम पुन्हा पुन्हा वाचला, चिटणिसाकडे पाहिले, चिटणिसाने मान हलवली. इथे मदत करता येत नव्हती. मतदान सोमवारवर गेले.

बाहेर पडताना त्लाली हसत होते. "सोमवारी बघू या, आमच्या गवताच्या बाई नाव घेतात का."

मानेओ हसल्या नाहीत. मते मोजून ठेवलेली होती. एकही कमी पडून चालणार नव्हते.

ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली. शुक्रवारी संध्याकाळी मास्तर आणि मानेओ गाडीतून उतरले तर लेफा दारातच उभा होता. त्याने वहिनीला नीट नमस्कार केला, प्रवासाची चौकशी केली, आणि मग शांतपणे सांगितले, की वहिनींनी वडिलांचे नाव सभेत उच्चारले तर तो घराण्याची बैठक बोलावेल. जी बाई सासऱ्याचे नाव चारचौघांत टाकते ती सून राहत नाही, आणि जी सून नाही ती सरदारही नाही. एवढे बोलून तो बाजूला झाला. खोटे काही बोलला नव्हता. बैठक बसली असती तर बहुतेकांनी त्याचेच म्हणणे धरले असते.

म्हणजे मत द्यावे तर खुर्ची जाणार, खुर्ची राखावी तर मत जाणार. मास्तरांना रात्री जेवण गेले नाही. मानेओ जेवल्या, पण काय वाढले होते ते त्यांना सांगता आले नसते.

शनिवारी सकाळी त्या सासूकडे गेल्या. सासूबाई, मात्सेलिसो, नव्वदीकडे झुकलेल्या. डोळे जवळजवळ गेलेले, पण कान शाबूत. भिंतीच्या उन्हात ब्लँकेट गुंडाळून त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मानेओ समोर जमिनीवर बसल्या. सगळे सांगितले, पुलानेच्या पोरीपासून त्लालींपर्यंत. मास्तर थोडे दूर, पाठ वळवून उभे राहिले. ऐकू येईल एवढ्याच अंतरावर.

म्हातारीचे शेंगा सोलणे थांबले नाही. तिने विचारले, "सगळ्यांची नावं पुकारणार?"

"ज्यानं त्यानं आपलं घ्यायचं, म्मे," सून म्हणाली; म्मे म्हणजे आई.

"वरच्या त्लालीचं? त्या खालच्या ओढ्यावाल्यांचंसुद्धा?"

"सगळ्यांची."

"आणि ह्यांचं तेवढं नाही." म्हातारीने टरफले मांडीवरून झटकली. "पोरी, नाव झाकून ठेवायचं ते माणसाचा मान राहावा म्हणून. सगळ्या मुलखांची नावं ऐकू येतील नि ह्यांच्याच जागी गप्प, तर तो कसला मान? लोक म्हणतील, हे मेले ते मेलेच. लेफाला बोलाव. आणि मेंढी काढायला सांग. खोडसाळ ती, काळ्या तोंडाची."

मेंढी म्हटल्यावर मास्तर वळले. सुनेला एखाद्या बंधनातून मोकळे करायचे तर घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने मेंढी कापायची, आणि घराण्याने ती एकत्र बसून खायची. ज्याने खाल्ले त्याने मान्य केले. नंतर बैठक बोलावता येत नाही. मास्तरांना हे माहीत होते, लेफालाही. म्हणूनच तो आला तो हात मागे बांधून.

मांस शिजेपर्यंत दुपार कलली. चुलते, चुलतभाऊ, त्यांच्या बायका जमल्या. नेओ शहरातून आली होती, तिने सगळ्यांना वाढले. म्हातारीने सगळ्यांसमोर सांगितले की सून सभेत नाव घेईल, माझ्या सांगण्यावरून, आणि हे तिच्यासाठी कापले आहे. माणसे एकेक करून खाऊ लागली. लेफाच्या पुढे ताट आले ते म्हातारीने आपल्या हाताने धरले होते. खांद्याचा तुकडा, मानाचा.

लेफाने ताट घेतले. खाल्ले नाही.  मास्तरांना वाटले, आता हा ताट खाली ठेवील. वहिनीवर त्याचा राग होता असे नव्हे. आपली पाळी येईतो आपण म्हातारे होऊ, हे त्याला सलत होते.

"लेफा," म्हातारी म्हणाली, "तुझ्या बापाला गार मांस आवडत नसे."

कोणीतरी हसले. लेफा ताटाकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घालून घास घेतला. दुसरा घेतला. मिठाकडे हात केला. 

खाऊन झाल्यावर म्हातारीने सुनेला जवळ बोलावले. "आता इथं म्हण. आधी मला ऐकव. त्या लोकांनी आधी ऐकायचं आणि मी नंतर, असं चालायचं नाही."

मानेओंनी तोंड उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले. जिने मंत्र्यांना गप्प बसवले होते तिची जीभ वळत नव्हती. तिसऱ्यांदा शब्द आला, अगदी बारीक, शाळेत पहिल्यांदा उभे केलेल्या मुलीसारखा. म्हातारीने डोळे मिटून ऐकले.

"असं नाही," ती म्हणाली. "ते काय कोंबडी होते? मोठ्यानं म्हण."

सोमवारी मास्तर सज्जात पहिल्या रांगेत बसले. नावे सुरू झाली. सरदार उठत होते, बसत होते. होय, नाही, नाही, होय. मोरेना त्लालींनी आपले नाव आणि 'नाही' ठणकावून सांगितले आणि मग खुर्चीत वळून मागे पाहिले. मानेओ उठल्या. ब्लँकेटची पिन नीट केली.

"हा-मोलेते," त्या म्हणाल्या. "होय."

आवाज जरा जास्तच मोठा लागला. तो शब्द किती जोराने म्हणायचा याचा अंदाज त्यांना नव्हता. सभागृहात दोघे तिघे दचकले. मग मोरेना त्लालींनी डोक्यावरची टोपी काढली. वडीलधाऱ्या माणसाचे नाव घेतले जाते तेव्हा आम्ही काढतो तशी. काढून मांडीवर ठेवली, आणि नावे संपेपर्यंत परत घातली नाही. मतात मात्र ते बदलले नाहीत.

मसुदा मंजूर झाला. दारात त्लाली भेटले. म्हणाले, "आता आम्ही तुम्हाला काय म्हणायचं? गवताच्या बाई तर गेल्या."

"तेच म्हणा, मोरेना. ऐकायची सवय झालीय."

त्या पावसाळ्यात पुलाने स्वतःच्या सहीने कर्ज काढून शिवणयंत्र घेऊन आली. ते गाडीवरून उतरवताना तिने मानेओंना हाक मारली नाही, सगळ्या गल्लीला मारली. मास्तरांना वाटते, मानेओंना आवडले असावे ते हेच. बोलून दाखवायची त्यांची रीत नव्हती.

त्यानंतर सरकारे बदलली, अध्यक्ष बदलले, त्लाली वारले, त्यांच्या जागी त्यांचा मुलगा आला. मात्सेलिसो गेल्या. नवे सभासद आले की त्यांना सभागृहाचे नियम मानेओंनीच समजावायचे हे आता ठरलेलेच आहे. एका तरुण सिनेटरने मास्तरांना विचारले की ह्या बाई इतकी वर्षे कशा टिकल्या. मास्तर म्हणाले, गावी येऊन विचार, मी कशाला सांगू. तो आला. त्याला खोत्लामध्ये बायकांच्या रांगेमागे बसवले आणि त्याने तीन तास कुरणांविषयी ऐकले.

मास्तर आता फारसे बाहेर पडत नाहीत. मसुदे आता नेओ सांगते. मानेओ अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, डावा गुडघा दुखतो. अधिवेशन असले की सोमवारी पहाटेच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून त्या मासेरूला जातात आणि गुरुवारी परत येतात.